होडीतून उतरणाऱ्या अकरा जणी

आमच्या घरमालकाला हिरो दिसायचा नाही. डोळे ठणठणीत होते त्याचे. भिवंडीजवळ टेमघरच्या घराच्या ओट्यावर बसून रस्त्यापलीकडच्या टेम्पोची नंबरप्लेट वाचून दाखवायचा. पण पडद्यावर हिरो आला की ह्याची नजर त्याच्या खांद्यावरून मागे. मागे कोण उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, लग्नाच्या पंगतीत कोण खरंच जेवतंय आणि कोण नुसताच हात हलवतोय, हे त्याला बघायचं असायचं. "हिरोला काय बगाचा? त्याला बगाला आख्खा थेटर हाय," असं म्हणायचा आणि विडी पेटवायचा.

मला आजही ह्या माणसाचा राग येतो. अर्धा त्याचा, अर्धा माझा स्वतःचा, आणि वर आमच्या थेटरच्या शेठचा. राग कशाचा ते कळायचं तर मूळ गोष्ट आधी सांगून टाकलेली बरी.

मालक दोन वर्षांचा असताना कोन गावाजवळ खाडीवर एका हिंदी पिक्चरचं शूटिंग झालं होतं. काळा-पांढरा पिक्चर. गावातल्या बायकांना डोक्यावर टोपल्या देऊन होडीतून उतरायला लावलं होतं. त्यात ह्याची आई होती. त्यानंतर वर्षभरात ती गेली. तिचा एकही फोटो नाही, ह्याला तिचा चेहरा आठवत नाही. विशीत असताना कल्याणला जाऊन ह्याने तो पिक्चर एकट्याने बघितला. अकरा बायका होडीतून उतरल्या आणि निघून गेल्या, आणि त्यातली आपली आई कुठली हे ह्याला कळलं नाही. ते सांगू शकणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ह्याची थोरली बहीण. आणि तिचे डोळे साखरेने चालले होते. एक गेलाच होता, दुसरा अर्धा होता. बहिणीला शेजारी बसवून तो पिक्चर बघायचा आणि ती 'ही' म्हणेल त्या बाईला नीट बघून घ्यायचं, एवढंच ह्याला हवं होतं. आणि तो पिक्चर आणणं माझ्या हातात होतं.

पिक्चरचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की कोणीतरी मोबाइलवर दोन मिनिटांत शोधून काढेल आणि चहा पिता पिता बघून टाकेल. आम्ही त्यासाठी किती उंबरे झिजवले ते आम्हाला माहीत.

मी तेव्हा तिशीचा. भिवंडीतल्या एका जुन्या थेटरात मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे काय, तर तिकिटांची पुस्तकं, बंद पडलेले पंखे, मुतारीचा नळ, आणि दर आठवड्याला मॅटिनीला कुठला जुना पिक्चर लावायचा ते ठरवणं. भिवंडीत लूमला, म्हणजे कापडाच्या मागांना, सुट्टी शुक्रवारी. रविवारी गावभर खडखडाट चालू असतो आणि शुक्रवारी एकदम गप्प होतं सगळं. त्या दिवशी लूमवरचे कारागीर धुतलेला शर्ट घालून बाहेर पडायचे आणि थेटरात यायचे. जुने पिक्चर लावणारी तेव्हा गावात तीन थेटरं होती. तिघांची शुक्रवारवरून मारामारी.

आणि ह्या तिन्ही थेटरांचा निकाल लावायचा आमचा मालक. गुरुवारी संध्याकाळी धामणकर नाक्यावर पोस्टरं लागली की हा तिथे जाऊन उभा राहायचा. शेअर रिक्षाच्या लायनीत भैया लोक उभे असायचे, त्यांना सांगायचा, "उसमें मत जाना. उसमें आदमीच नहीं है. चार लोग हैं, बंगले में घूमते रहते." मग दुसऱ्या पोस्टरकडे बोट. "ये देखो. मेला है, बारात है, कोर्ट में पब्लिक है." गोष्ट काय, गाणी कुणाची, हे कोणी विचारलं तर चिडायचा. पिक्चर चांगला की वाईट हे त्यात माणसं किती आहेत आणि ती काय करतायत ह्यावर ठरतं, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे लोक ऐकायचे त्याचं. त्यालाही कारण होतं. जिथे गर्दीचे सीन जास्त तिथे पिक्चरवर खर्च झालेला, म्हणजे मारामारीही बरी. कारागिरांना ते बरोबर पटायचं.

एका शुक्रवारी त्याने माझाच पिक्चर नापास केला. माझं थेटर निम्मं रिकामं, आणि समोरच्याच्या दारात रांग. मी घरी येऊन भांडलो. म्हटलं, "मालक, माझ्याकडून भाडं घेता आणि माझंच थेटर पाडता?"

"मंग मानसांवाला लाव," तो म्हणाला. "मी खोटा सांगू का लोकांना?"

खोटं तो बोलायचा नाही, हा त्याचा आणखी एक जाच. गावात कुणाच्या लग्नात जेवण बिघडलं तर मुलीच्या बापाला तोंडावर सांगणार. जमीन गोदामवाल्यांना दिली होती, खिशात पैसा होता, त्यामुळे कोणी ऐकून घेण्यावाचून काही करू शकायचं नाही. हिशेबात चूक, बोलण्यात चूक, कुठलीही चूक त्याच्या डोळ्यांतून सुटायची नाही, आणि सुटली नाही की तो ती सोडायचा नाही. बायको म्हणायची, "ह्यांना देवानं तोंड दिलंय ते टाचनी टोचाला."

खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा त्याने माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगार विचारला नाही. थेटरात मॅनेजर आहे म्हटल्यावर मला ओट्यावर बसवलं आणि एका पिक्चरचं नाव घेऊन विचारलं, "त्याच्यात व्हिलनच्या पार्टीत एक म्हातारा खुर्चीत झोपलेला हाय. तो कितीदा झोपलाय?" मी म्हटलं, मला काय माहीत. "दोनदा. दुसऱ्या पार्टीत पन तोच, तोच कोट. मॅनेजर हायस न बगत न्हायस?" असं म्हणून त्याने किल्ली दिली. त्या दिवसापासून मी त्याचा 'मॅनेजर' झालो. नाव त्याने कधी घेतलं नाही.

थेटरात त्याचा त्रास वेगळाच. एकदा इंटरव्हलमध्ये माझ्या केबिनमध्ये घुसला, डोळे लाल. मला वाटलं खुर्चीतला खिळा लागला असेल. तर म्हणे, "तो निळ्या फेट्यावाला पयल्या मारामारीत मेला ना? आता बहिनीच्या लग्नात लाडू खातोय." मी म्हटलं, मालक, एक्स्ट्रा आहे तो, पोटासाठी दोन्हीकडे उभा राहतो. "मना माहीत हाय पोटासाठी राहतो. पन तुमी त्याला बगतच न्हाय म्हनून त्यांचा चालतंय." हे 'तुमी' म्हणजे मी आणि सगळी दुनिया. आणि हे सगळं तो ओरडून सांगायचा. तिकिटाच्या खिडकीवरची माणसं वळून बघायची.

तर असा हा माणूस मला वर्षभर एकच धोशा लावून होता. तो खाडीवाला पिच्चर आन. कारण सांगायचा नाही. विचारलं की म्हणायचा, "कारन तुला कशाला? तू आनतोस का बोल." पुढे पुढे धमकी. "दिवाळीपर्यंत न्हाय आनलास तर खोली खाली कर." दिवाळी गेली, खोली राहिली, मग होळीपर्यंतची मुदत. मी त्याला हसण्यावारी न्यायचो. वाटायचं, असेल त्यात एखादी जत्रा, असतील दोनशे माणसं, ह्या येड्याला मोजायची असतील.

इथे मला त्याचा राग येतो. अरे बाबा, एक वाक्य बोलायचं होतंस. जगाला तोंडावर सांगणारा तू, आणि जे सांगायचं ते नेमकं गिळून बसलास. वर्ष गेलं त्यात. त्या वर्षभरात बहिणीचा एक डोळा गेला.

शेवटी बहीणच आली. मी थेटरात पंखेवाल्याशी हुज्जत घालत होतो, तर दारात एक बाई उभी. नऊवारी लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, एक हात भिंतीला लावलेला. कोनहून एकटी रिक्षाने आली होती.

"मॅनेजर तूच का?" तिने विचारलं. "माझा भाव तुझ्या मागं लागलाय ना त्या पिच्चरसाठी? त्यानं तुला सांगला का, कशाला ते?"

मी नाही म्हटलं.

"न्हायच सांगनार. त्याला लाज वाटते." मग पायरीवर बसून तिने मला सगळं सांगितलं. शूटिंग झालं तेव्हा ती दहा वर्षांची होती. धाकट्याला कडेवर घेऊन काठावर उभी होती. त्या दिवशी बायका हसत खिदळत घरी गेल्या. इतर कुणाला काही झालं नाही. पण बापाला कोणीतरी दुकानात चिडवलं, तुझी बायको पिच्चरवाल्यांच्या पुढं चालली म्हणून. बापाने आईला घरातून काढलं. ती आपल्या भावाकडे राहिली, तापाने आजारी पडली आणि तिथेच गेली. मग घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असा हुकूम.

"मी तो पिच्चर एकदाच बगितला," बाय म्हणाली. सगळे तिला बायच म्हणायचे. "ती मेल्यावर. चुलतीनं चोरून नेली मना. आये होरीतून उतरली न माझ्याकडं चालत आली. मी थेटरातून पलत सुटली. मंग लग्न झाला, सासरा पिच्चरचं नाव काढू देत नव्हता. आता कोन बोलनारा न्हाय, तर हा डोला चाललाय." तिने चष्मा काढून लुगड्याला पुसला. "डॉक्टर बोलला, दिवाळी न्हाय दिसाची. भावाला दाखवून देते न मंग जाऊं दे डोला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई होडीतून उतरली म्हणून घरातून काढतात, आणि तिचा मुलगा पन्नाशीला आला तरी लाजेने मान खाली घालतो. आणि मी इकडे वर्षभर हसतोय. मी बायला म्हटलं, आणतो. काय वाट्टेल ते झालं तरी आणतो.

शेठकडे गेलो. शेठ म्हणाला, "काळा-पांढरा? आणि शुक्रवारी? पब्लिक खुर्च्या फाडील." मी म्हटलं, बुधवारी लावू. "बुधवारी लूम चालू, कुत्रं येणार नाही." मी सोडलं नाही. तीन महिने दर सोमवारी मी तेच नाव यादीत पहिलं लिहायचो आणि शेठ ते पेनाने खोडायचा. एकदा मी यादी खिशात परत घालून म्हटलं, मग पिक्चर तुम्हीच निवडा, तुम्हीच आणा, नळ पण तुम्हीच दुरुस्त करा. तेव्हा वैतागून म्हणाला, एक शुक्रवार, एकच खेळ, त्यानंतर माझ्यासमोर नाव काढायचं नाही.

आता एक आमच्या धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षांत भिवंडीत लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता. आमच्या भागात शुक्रवारी साडेअकराला वीज यायची आणि बरोबर दोनला जायची. अडीच तास. जुने पिक्चर पावणेतीन तासांचे. जनरेटर होता, पण तो संध्याकाळच्या खेळाला. मॅटिनीसाठी शेठ डिझेल जाळू द्यायचा नाही, किल्लीच खिशात घेऊन फिरायचा. मग आम्ही काय करायचो, तर पिक्चरची एक-दोन रिळं गाळायचो. डबा उघडायचाच नाही. कुठलं रीळ गाळायचं ह्याचा नियम मी स्वतः केला होता, आणि ऑपरेटरच्या केबिनच्या दारावर खडूने लिहिला होता: जिसमें हीरो नहीं, वो रील पहले छोड़ना. पब्लिकला चालायचं. हिरो नसला की शिट्ट्याच मारायचे. आमचा ऑपरेटर सरळ माणूस. पेट्या आल्या की प्रत्येक रीळ उजेडात धरून बघायचा, हिरो नसलेलं बाजूला काढून ठेवायचा. चार वर्षं असंच चाललं होतं. मला त्यात काही केल्यासारखं वाटायचंही नाही. श्वास घेताना कोणी विचार करतं का.

हसू नका, पण हे सगळं मला आठवलं नाही.

त्या शुक्रवारी मी काय काय केलं होतं. बाल्कनीतल्या पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या घासून पुसल्या. त्यांच्यावरचा पंखा बदलून घेतला. बायला चढायला त्रास नको म्हणून मागचा जिना उघडला. पाण्याची बाटली ठेवली. मालक पांढरा शर्ट घालून आला होता, दाढी केलेली. जिना चढताना पुसलेल्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. बायने चष्मा दोनदा पुसला. मी वेळेवर घंटा दिली. पिक्चर आणायचा लक्षात राहिला, सगळं लक्षात राहिलं, आणि ऑपरेटरला 'आज काही गाळू नकोस' हे सांगायचं राहिलं.

सबंध खेळ मी खाली तिकिटाच्या हिशेबात. पावणेदोनला वर गेलो. पडद्यावर हिरो आईच्या पाया पडत होता, म्हणजे संपत आलेलं. बाय पुढे वाकून बसली होती. मी हळूच विचारलं, "दिसली?"

"आजून यायची हाय," ती म्हणाली. "लांब होरी आली होती, मंग एकदम घरातला काय लागला. यंल आता."

मालक माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. कधीचं कळलं असणार, हा माणूस पडद्यावरचा एक फेटा चुकवत नसे. बहिणीला मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

मी पळत ऑपरेटरच्या केबिनकडे सुटलो. पिक्चर संपल्याचं संगीत वाजत होतं. दार उघडलं. रीळ टेबलावर, डब्यातच होतं. मी म्हटलं, "ये क्यूँ छोड़ा? चढाओ, अभी चढाओ."

"साब, आपने ही तो लिखा है," ऑपरेटर म्हणाला. बिचारा बरोबरच बोलला. तरीही मी त्याच्या अंगावर ओरडलो. त्याने रीळ हातात घेतलं, आणि वीज गेली. दोन वाजले होते. एक मिनिट पुढे नाही, मागे नाही. एरवी ह्या वीज बोर्डाचं कुठलं काम वेळेवर झालेलं सांगा मला.

खाली येऊन शेठला फोन लावला. शेठ ठाण्याला कुणाच्या लग्नात. मी म्हटलं, दहा मिनिटं जनरेटर हवाय, कुणाला तरी किल्ली घेऊन पाठवा, मी स्वतः येतो हवं तर. कशाला, म्हणाला. मी सांगितलं कशाला. तिकडे बँड वाजत होता. "एका रिळासाठी? येडा झालास का तू?" म्हणाला आणि फोन ठेवला. पेट्या न्यायला आलेला माणूस दारात टेम्पो लावून उभा होता. संध्याकाळी त्याला नाशिककडच्या कुठल्या थेटरात पोचायचं होतं. मी त्याच्या हातापाया पडलो, पाचला संध्याकाळच्या खेळासाठी जनरेटरची किल्ली येईल, तोवर थांब म्हणून. अर्धा तास थांबला तो, ते तरी त्याचे उपकार. मग गेला.

मी बाल्कनीत गेलो. अंधारात दोघं तशीच बसलेली. मी सांगितलं, माझी चूक आहे, माझ्याच नियमाने ते रीळ गाळलं. मला वाटलं, आता हा माझी चामडी सोलणार. मी वाट बघत होतो अक्षरशः. तो उठला, बहिणीचा हात धरला आणि म्हणाला, "चल, बाय. जिना हाय, हलू."

घरीही काही नाही. मी दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "मालक, शिव्या द्या. खोली खाली कर म्हणा." तो म्हणाला, "कशाला? तू मुद्दाम केलास का?" भाजीवाल्याला कोथिंबिरीच्या काडीवरून फाडून खाणारा माणूस. त्यानंतर तो मला कधी ओरडला नाही. सगळ्या गल्लीला ओरडायचा, मला सोडून. ह्याचाही मला राग येतो.

मी पुन्हा प्रयत्न केला, नाही असं नाही. मुंबईला वितरकाच्या ऑफिसात स्वतः गेलो. तिथला माणूस म्हणाला, ती प्रिंट धुवायला गेली. मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं, काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदी असते, जुन्या प्रिंटा आता कोणी मागत नाही, तर त्या धुवून चांदी काढतात. चमचाभर निघते. मी विचारलं, दुसरी प्रिंट? नाही. मी त्याच्या टेबलावर हात आपटला. त्याने मला चहा मागवला. त्या दिवाळीत बायचा दुसरा डोळा गेला. डॉक्टरचा हिशेब बरोबर निघाला.

दोनेक वर्षांनी नाक्यावर सीडीच्या गाडीवर मला तो पिक्चर दिसला. ढिगात होता, इतर जुन्या पिक्चरांच्या खाली. दोन सीडींचा संच, वर हिरोचा मोठा फोटो. मी हातात घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या नाव दोनदा वाचलं. अशी कशी येते वस्तू, नको तेव्हा, इतकी सोपी होऊन.

घरी नेऊन मालकाला दिली. त्याने उलटसुलट करून बघितली. मग कोनला रिक्षा पाठवून बहिणीला आणलं. मी म्हटलं, मी जातो. तर म्हणाला, "बस, मॅनेजर."

बाय भिंतीला टेकून बसली, मालक टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून. ती जागा यायला तासभर लागला. हिरोच्या वेळी त्याने एकदाही पुढे पळवलं नाही. मग खाडी आली. होडी आली. पहिली बाई उतरली, आणि त्याने रिमोट दाबून तिला थांबवलं.

"पयली," तो म्हणाला. "उंच हाय. टोपली डाव्या हातानं धरलीय. पुढं बगते, खाली बगत न्हाय."

"न्हाय," बाय म्हणाली. "आये उंच नव्हती."

मला तेव्हा कळलं तो काय करतोय ते. दुसरी थांबवली. "बुटकी. हसते. एक दात पडलाय." बाय म्हणाली, ती पाटलाची सून. तिसरी वाकून चालत होती. आये वाकायची न्हाय. चौथीने पदर खोचला होता. पाचवीचा एक पाय पाण्यात राहिलेला, मागे वळून कोणाला तरी हाक मारतेय. मी त्याच टीव्हीकडे बघत होतो आणि मला टोपल्यांखाली काळी तोंडं दिसत होती नुसती. त्याला सगळं दिसत होतं. आयुष्यभर तो ह्याच्यासाठीच बघायला शिकला होता, दुसरं काय.

"हनवटीवर गोंदन हाय का बग," सातव्या बाईच्या वेळी बाय म्हणाली. "तीन टिपके."

तो टीव्हीला नाक लावून बसला. "दिसत न्हाय, बाय. चौकोन चौकोन होतंय."

त्या थेटरच्या पडद्यावर ते तीन टिपके ताटाएवढे दिसले असते.

आठवी नाही. नववी नाही. दहावीला बायने पुन्हा एकदा सांगायला लावलं, मग म्हणाली, न्हाय, तिची चाल सांगतोस ती वेगळी. अकरावीचं तोंड टोपलीच्या सावलीत होतं. त्याने काय दिसतं ते सांगितलं. हाताची ठेवण, बांगड्या, लुगड्याचा काठ. बायने नाही म्हणून मान हलवली. मग खाडी संपून घर आलं, त्याने बंद केलं.

बाहेर त्याची बायको कुणाला तरी चहा विचारत होती. बाय बसल्या जागी मागेपुढे हलत होती, गुडघ्यावर हात चोळत. "मी इसरली का रं?" ती म्हणाली. "मीच इसरली तर मंग कोन?"

मालकाने पिक्चर मागे नेला. होडी उलटी गेली, पुन्हा आली.

"एक र्‍हायली होती, बाय," तो म्हणाला. "माझा लक्ष नव्हता. उंच हाय. टोपली डाव्या हातानं धरलीय. पुढं बगते, खाली बगत न्हाय."

मी त्याच्याकडे बघितलं. शब्द तेच होते, एकही बदलला नव्हता. पडद्यावर तीच पहिली बाई उभी होती.

बायने हलायचं थांबवलं. "हां," ती म्हणाली. "हीच. हीच आये."

आख्खा गाव ज्याच्या तोंडाला भ्यायचा तो माणूस आता म्हणेल, बाय, ही मघाशी तू न्हाय बोललीस. मी वाट बघितली.

"बग नीट," बाय म्हणाली. "बगतंस ना?"

"बगतंय," तो म्हणाला, आणि खरंच बघत होता. रिमोट त्याने खाली ठेवला होता. त्या बाईला त्याने पुढे जाऊ दिलं नाही.